भंगारातला गेमबोर्ड चालू करायचाय? मग आधी पाच व्होल्ट बघा

बेळगावात भंगाराच्या एका दुकानात जुन्या टीव्हीच्या सांगाड्यांखाली मला माझा पहिला गेमबोर्ड (व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनमधलं चिपांचं कार्ड) सापडला, किलोच्या भावानं. वर बोटभर धूळ, एका कोपऱ्यात झुरळाची अंडी, आणि दुकानदार म्हणाला "चालू हाय बघा, लावून तर बघा घरी". चालू कसला, लावल्यावर स्क्रीनवर नुसती रंगीबेरंगी खिचडी आली आणि ती पण जागची हलेना. तेव्हा मला वाटलं सीपीयू, म्हणजे बोर्डाचा मेंदू असलेली चिप, गेला असणार, मग सीपीयू मागवला, बदलला, तीच खिचडी. दुसरा मागवला, परत तीच. असे दोन महिने गेले. शेवटी उद्यमबागेत सीएनसी मशीनची कार्डं दुरुस्त करणारे आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी बोर्डाकडे बघितलं पण नाही, माझ्या वायरी बघितल्या आणि म्हणाले, "मोदल वोल्टेज नोडप्पा, आमेले चिप." आधी व्होल्टेज बघ बाबा, चिपचं नंतर. पुढचं सगळं त्या एका वाक्यातनं आलंय.

नवीन माणसासाठी लिहितोय, म्हणजे ज्याला मीटर धरता येतो, थोडाफार डाख देता येतो, आणि लहानपणी पार्लरमध्ये कॉइन टाकून मुस्तफा खेळलाय अशा माणसासाठी. (मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. खरं नाव आपल्याकडं कुणी घेतलंच नाही.)

लागणारं सामान

डिजिटल मीटर, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, साठ-चाळीसची डाखाची तार, डाख ओढायचा पंप आणि तांब्याची जाळीदार पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, पेन्सिलीचा खोडरबर. हे सगळं आपल्या बाजारात मिळतं. एक वस्तू मात्र ऑनलाइन मागवायला लागेल, लॉजिक प्रोब. पेनासारखं असतं, टोक चिपच्या पायाला लावलं की लाइन हाय आहे, लो आहे का धडधडतेय ते एलईडीवर दिसतं. काही जण म्हणतील प्रोब कशाला, मीटर आहे की. तर ऐका, चालू असलेला क्लॉक (सगळ्या चिपांना ताल देणारा सिग्नल) मीटरवर डीसीत मोजला की दीड ते अडीच व्होल्टच्या मधे काहीतरी दिसतं, आणि कशालाच न जोडलेला, लोंबकळत राहिलेला टीटीएल (ह्या बोर्डांवरच्या पाच व्होल्टच्या चिपांची जात) इनपुट पण दीडच्या आसपासच दिसतो. म्हणजे जिवंत आणि मेलेला दोघांचा आकडा सारखाच. प्रोबवर मात्र जिवंत लाइन धडधडते आणि मेलेली गप्प बसते. डीएसओ१३८ नावाचं स्वस्त किटवालं स्कोप काही जण घेतात, पण ते जेमतेम २०० किलोहर्ट्झपर्यंत बघू शकतं आणि आपल्याला बघायचे असतात तीन-चार मेगाहर्ट्झ, त्यामुळं ह्या कामासाठी त्यात पैसे घालू नका.

आणि हो, जुन्या सीआरटी मॉनिटरच्या मागच्या बाजूला हात घालू नका. पिक्चर ट्यूबच्या त्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या वर असतं आणि स्विच बंद केल्यावर पण ते बराच वेळ तसंच बसून राहतं. पॉवर सप्लायचा २३० चा भाग पण उघडायचा नाही. बोर्डावर जास्तीत जास्त बारा व्होल्ट असतात, तिथं जिवाला धोका नाही, तिथं बिनधास्त राहा.

बोर्ड कुठल्या जातीचा ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि मग धूर निघतो. १९८५ मध्ये जपानच्या गेम मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेनं जामा नावाचा एक कनेक्टर ठरवून दिला, ५६ पायांचा, वर २८ खाली २८, दोन पायांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. त्यानंतरचे बहुतेक बोर्ड जामाचे आहेत. वरची बाजू, म्हणजे चिप असतात ती, आकड्यांची आणि खालची डाखाची बाजू इंग्रजी अक्षरांची. पाठ करायचं एवढंच: १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ प्लस पाच, ५ मायनस पाच, ६ प्लस बारा, ७ ला खाच, आणि दुसऱ्या टोकाला २७ आणि २८ परत ग्राउंड. खालच्या बाजूला समोरासमोर तेच.

आता ती ७ नंबरची खाच कशासाठी बघा. कनेक्टर उलटा लावला तर १ च्या जागी २८ येतो, २ च्या जागी २७, आणि असं करत ६ नंबरचे बारा व्होल्ट जाऊन बसतात २३ वर. २३ नंबर म्हणजे खेळणाऱ्याचं दुसरं बटन. ग्राउंडला ग्राउंड मिळतो म्हणून ठिणगी पण पडत नाही, बोर्ड नुसता गप्प बसतो, आणि तेवढ्यात बटनांच्या इनपुटवर बसलेल्या चिपा बारा व्होल्ट खाऊन मरतात. दोन्ही खेळाडूंच्या, कारण वरून पण बारा आणि खालून पण बारा. खाचेत बसणारा प्लास्टिकचा तुकडा असला की कनेक्टर उलटा जातच नाही. आपल्याकडच्या जुन्या मशीनीतल्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, तो तुकडा हमखास पडून गेलेला असतो, तेव्हा पहिल्यांदा तो बसवा, पाच रुपयांचं पण काम नाही.

१९८५ च्या आधीचे बोर्ड, म्हणजे पॅक-मॅन, गॅलॅक्सियन, डाँकी काँग वगैरे, जामाचे नाहीत. प्रत्येकाचा कनेक्टर वेगळा. पॅक-मॅनच्या ओरिजिनल बोर्डाला ४४ पायांचा कनेक्टर असतो आणि त्याला पाच व्होल्ट डीसी नाही, सात व्होल्टच्या आसपास एसी लागतो, तो बोर्डावरच डीसी करून घेतला जातो. त्याच्या नकली बोर्डांना मात्र सरळ पाच व्होल्ट डीसी. आपल्याकडं आलेले बरेचसे बोर्ड नकलीच, त्यामुळं गेमचं नाव बघून पिनआउट (कुठला पाय कशाचा त्याचा तक्ता) लावू नका, बोर्ड बघून लावा. मोठ्या चिपांचे पाच व्होल्टचे आणि ग्राउंडचे पाय कुठले ते ठरलेलं असतं, तिथून मीटरची बीप लावून कनेक्टरपर्यंत या, म्हणजे कुठला पाय कशाचा ते स्वतःलाच कळतं. अर्धा तास जातो, पण तो अर्धा तास घालवा.

लाइट लावायच्या आधी

फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, जवळून, प्रत्येक सॉकेटमधल्या चिपचा, खाच कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असा. मग धुवा. हो, धुवायचाच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूचा पावसाळा ज्या बोर्डानं काढलाय त्याच्यावर ओल, बुरशी, गंज असं सगळं असतं. अल्कोहोल आणि टूथब्रशनं घासा, पूर्ण वाळू द्या. कनेक्टरच्या पट्ट्या खोडरबरनं घासा, पॉलिश पेपरनं नाही, पॉलिश पेपर सोन्याचा मुलामा काढून टाकतो आणि मग सहा महिन्यांत तांबं काळं पडतं.

बोर्डावर बॅटरी आहे का बघा. निओ जिओच्या मदरबोर्डावर (किंग ऑफ फायटर्स, मेटल स्लग ज्यावर चालतात तो) रिचार्ज होणारी ३.६ व्होल्टची बॅटरी असते, ती फुटते आणि तिच्यातलं पाणी आजूबाजूच्या पट्ट्या खाऊन टाकतं. हिरवट-निळसर खपली दिसली की तीच. ते पाणी अल्कलीवालं असतं म्हणून स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या व्हिनेगरनं आधी पुसायचं, मग पाण्यानं, मग अल्कोहोलनं. ही बॅटरी खुशाल काढून टाका, गेम तरी चालतो. पण कॅपकॉमच्या सीपीएस-२ नावाच्या बोर्डावर, आणि ओरिजिनल मुस्तफाच्या साउंडच्या बोर्डावर जी बॅटरी असते तिला हात लावायच्या आधी दहादा विचार करा. तिथं प्रोग्रॅमची कुलूपकिल्ली बॅटरीच्या जिवावर टिकलेली असते, बॅटरी गेली की सीपीयूला स्वतःचा प्रोग्रॅम वाचता येत नाही. हल्ली ती किल्ली परत भरायची सोय झालीय, पण ते पहिल्या बोर्डावर शिकायचं काम नव्हे.

आता मीटर ओहमवर ठेवून पाच व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजा. एका ओहमच्या खाली आलं तर शॉर्ट आहे, लाइट लावायची नाही. बहुतेक वेळा कुठला तरी थेंबासारखा पिवळा किंवा निळा टँटलम कपॅसिटर आतून शॉर्ट झालेला असतो. शोधायची युक्ती सोपी आहे: करंट बांधून ठेवता येतो असा सप्लाय एक व्होल्टच्या आसपास ठेवून लाइनला द्या, बोर्डावर अल्कोहोल पसरा, आणि जिथं सगळ्यात आधी वाळतं ती जागा बघा. शॉर्ट झालेला भाग तापतो, अल्कोहोल तिथूनच उडतं.

पाच व्होल्ट

मी दोन महिने जिथं घालवले ती जागा ही.

टीटीएल चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. त्याच्या खाली गेलं की बोर्ड मरत नाही, वेड्यासारखा वागतो. रॅम (तात्पुरतं लिहून ठेवायची चिप) विसरते, रोम (गेम साठवलेली चिप) चुकीचा आकडा देते, गेम सुरू होतो न होतो, स्क्रीनवर खिचडी. म्हणजे चिप खराब झाल्यावर जे जे होतं ते सगळं, आणि आपण चिप बदलत बसतो. माझा पॉवर सप्लाय कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस होता, त्याच्या तोंडाशी मोजलं तर ५.०५ येत होते, बरोब्बर. काकांनी मीटर उचलला आणि बोर्डावर सीपीयूच्या पायाला लावला, माझा सीपीयू झेड८० जातीचा, त्याला ११ नंबरवर प्लस पाच आणि २९ वर ग्राउंड असतो. ४.४. मी म्हटलं असं कसं.

असं असं. जुना चिपांनी भरलेला बोर्ड तीन-चार अँपिअर सहज ओढतो. मी वायर वापरली होती टेलिफोनच्या केबलमधली, बारीक, मीटरभर जायला आणि मीटरभर यायला. त्या वायरीचा रेझिस्टन्स जाऊन-येऊन ०.१७ ओहमच्या आसपास. चार अँपिअर गुणिले ०.१७, झाले जवळजवळ सातशे मिलिव्होल्ट, रस्त्यातच खाल्ले. तीच दीड चौरस मिलिमीटरची घरच्या वायरिंगची वायर वापरली तर जाऊन-येऊन एक दशांश व्होल्टच्या आसपास जातो, बस्स. म्हणून जाड वायर, आणि कनेक्टरवर पाच व्होल्टचे आणि ग्राउंडचे जेवढे पाय दिलेत तेवढे सगळे जोडा. एकाच पायावर भागवलं तर तो पाय तापून काळा पडतो. जुन्या मशीनीतल्या कनेक्टरचा ३-४ नंबरचा भाग जळका दिसतो तो ह्यामुळंच.

आर्केडसाठीचा जो सप्लाय मिळतो त्यावर पाच व्होल्ट कमी-जास्त करायचा छोटा पॉट, म्हणजे फिरवायचा खटका, असतो. मीटरचं टोक बोर्डावर ठेवून, सप्लायवर नाही, हळूहळू फिरवत ५.० ते ५.१ वर आणा. ५.२५ च्या वर जाऊ देऊ नका. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला हा पॉट नसतो, हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो एवढीच त्याची सोय, आणि नव्या एसएमपीएसमध्ये मायनस पाच येतच नाही. मायनस पाच बऱ्याच बोर्डांना लागत नाही, काही जुन्यांना मात्र साउंडसाठी लागतो. गेम चालतो पण आवाज नाही असं झालं तर हे आठवा.

वायर बदलली, ५.०२ झाले. आणि खिचडी तशीच राहिली! काका हसले. पण आता निदान बोर्ड खोटं तरी बोलत नव्हता.

चित्र कशावर बघणार

थोडक्यात सांगतो. हे बोर्ड १५.७ किलोहर्ट्झच्या आसपासचा आरजीबी सिग्नल देतात, कॉम्प्युटरचा मॉनिटर कमीत कमी ३१ मागतो, म्हणून सरळ जोडलं तर काहीच दिसत नाही आणि माणूस म्हणतो बोर्ड मेला. जीबीएस-८२०० नावाचं कन्व्हर्टर कार्ड मिळतं, ते मधे घाला. चित्र सारखं वर सरकत असेल किंवा तिरकं फाटत असेल तर बोर्डाला दोष द्यायच्या आधी सिंकची (चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या सिग्नलची) वायर आणि व्हिडिओचा ग्राउंड बघा. एखादा रंग पूर्ण गायब असेल तर बहुतेक वेळा त्या रंगाची वायर, कनेक्टरचा पाय किंवा त्यापुढचा ट्रान्झिस्टर. तिथं चिपा बदलत बसू नका.

क्लॉक आणि रिसेट

पॉवर बरोबर असेल तर पुढचा प्रश्न, बोर्डाचं हृदय चालतंय का. क्रिस्टल म्हणजे चकचकीत डबी, त्यावर आकडा असतो. माझ्या बोर्डावर १८.४३२ होता, पॅक-मॅनच्या घराण्यातला बोर्ड, तो आकडा सहानं भागला की ३.०७२ मेगाहर्ट्झ सीपीयूला मिळतात. झेड८० च्या ६ नंबरच्या पायावर प्रोब लावा, धडधडलं पाहिजे. सीपीयू ६८००० जातीचा असेल तर १५ नंबर. इथं काही नसेल तर सीपीयू, रोम, रॅम सगळं विसरा, क्रिस्टलपासून निघा आणि एकेक चिप ओलांडत कुठं सिग्नल मरतो ते बघा.

मग रिसेट. झेड८० चा २६ नंबर. लाइट लावल्यावर क्षणभर लो आणि मग कायमचा हाय, असं पाहिजे. कायम लो असेल तर रिसेटच्या सर्किटमध्ये दोष, बहुतेक एखादा कपॅसिटर किंवा ट्रान्झिस्टर. आणि जर हाय-लो-हाय-लो असं ठरावीक वेळानं होत असेल, तर ते वॉचडॉगचं काम. वॉचडॉग म्हणजे राखणदार. प्रोग्रॅम नीट चालू असेल तर तो राखणदाराला ठरावीक वेळानं "मी जागा आहे" असं सांगत राहतो. सांगितलं नाही तर राखणदार सीपीयूला गदगदा हलवून परत पहिल्यापासून सुरू करायला लावतो. पॅक-मॅनच्या बोर्डावर १६ फ्रेमपर्यंत थांबतो, म्हणजे सेकंदाच्या पावभर, म्हणून प्रोबवर सेकंदाला चारेक टिकटिक दिसतात.

माझ्या बोर्डावर अगदी हीच टिकटिक होती. ही वाईट बातमी नाही हां, चांगली आहे. याचा अर्थ क्लॉक आहे, रिसेट आहे, राखणदार जिवंत आहे, सीपीयू सुरू होतोय आणि लगेच अडखळतोय. म्हणजे त्याला खायला दिलेला प्रोग्रॅम चुकीचा, किंवा लिहायला दिलेली पाटी फुटकी. रोम नाहीतर रॅम, किंवा त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता.

सीपीयूचाच संशय असेल तर (मी दोन बदलून बसलो होतो, तर मला आता कुणी तो शब्द काढायला लावू नका) एक जुनी परीक्षा आहे. झेड८० ला डेटाच्या आठही लाइनवर शून्य दिलं की त्याचा अर्थ होतो "काही करू नको, पुढं जा". तर जास्तीचं एक सॉकेट घ्या, त्याचे डेटाचे पाय, म्हणजे ७, ८, ९, १०, १२, १३, १४, १५, बोर्डात जाणार नाहीत असे बाहेर वळवा आणि प्रत्येकी एक किलोओहमनं ग्राउंडला बांधा. मधला ११ नंबर पाच व्होल्टचा आहे, त्याला वळवू नका. आता सीपीयू त्या सॉकेटवर बसवला की तो बिचारा नुसता पत्ते (मेमरीतल्या जागांचे नंबर) मोजत सुटतो, ० पासून ६५५३५ पर्यंत आणि परत पहिल्यापासून. ३.०७२ मेगाहर्ट्झवर एका पायरीला चार ठोके, म्हणजे पूर्ण फेरी सेकंदाला साधारण बारा वेळा. सगळ्यात वरची लाइन ए१५, म्हणजे ५ नंबर, प्रोबवर डोळ्यांना दिसेल अशी लुकलुकते. मधे मधे राखणदार आडवा येतो, पण पावसेकंदात दोन-तीन फेऱ्या होतातच. प्रत्येक पत्त्याची लाइन तिच्याखालच्या लाइनीच्या निम्म्या वेगानं चालली पाहिजे. कुठली एक गप्प असेल, किंवा दोन लाइनी अगदी एकसारख्या नाचत असतील, तर सीपीयू नाही, ती लाइन कुठंतरी शॉर्ट आहे किंवा पुढच्या बफर (सिग्नल पुढं पोचवणाऱ्या) चिपनं धरून ठेवलीय.

रोम, आणि सॉकेट नावाचा आजार

सगळ्या रोम चिपा एकेक करून काढा. एकेक म्हणजे एकेकच, सगळ्या एकदम काढून वाटीत ठेवू नका, मग कुठली कुठं ते देवालाच माहीत. चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं दोन्ही टोकांनी थोडं-थोडं उचलत काढायची. चिपचे पाय काळे पडलेले दिसतील, चांदीचा मुलामा असला की काळा पडतो, घरातल्या समईसारखा. खोडरबरनं प्रत्येक पाय हलक्या हातानं घासा, सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, परत बसवताना खाच बघा. चिप उलटी बसवून लाइट लावली की ती गेलीच समजा.

काढलीच आहे तर वाचून पण बघा. टीएल८६६ किंवा त्यानंतरचं टी४८ हे प्रोग्रॅमर घ्या, महाग आहे असं वाटेल पण दोन सीपीयू उगीच मागवण्यापेक्षा स्वस्त पडतं (अनुभव). चिप दोनदा वाचा. दोन्ही वेळा वेगळं आलं तर चिप दमलीय. सगळं एफएफ, म्हणजे कोरं, आलं तर एकतर पुसली गेलीय नाहीतर मेलीय. एकसारखं आलं तर ती फाइल मेमच्या (MAME, जुने पार्लरचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) रोमआयडेंट कमांडला द्या, ती हॅशवरून, म्हणजे फाइलच्या ठशावरून, सांगते ही कुठल्या गेमची कुठली रोम आहे, आणि ओळख पटली नाही तर एखादा बिट पडलाय असं समजायला हरकत नाही (नकली बोर्डात कुणी प्रोग्रॅम बदललेला पण असू शकतो, तेवढं डोक्यात ठेवा). एक घोटाळा होतो तो सांगून ठेवतो, २५३२ आणि २७३२ दोन्ही चार किलोबाइटच्या, २४ पायांच्या, दिसायला भावंडं, पण पायांची मांडणी वेगळी. चुकीचा टाइप निवडून वाचलं की चांगली रोम पण खराब दिसते. रोमच्या काचेच्या खिडकीवरचं लेबल निघालं असेल तर काळी टेप लावा, ऊन्हानं ती हळूहळू पुसली जाते.

माझ्या बोर्डावर प्रोग्रॅमच्या चार रोम होत्या. तीन ओळखल्या गेल्या. चौथी पण ओळखली गेली! म्हणजे चारही चांगल्या. मी वैतागून परत बसवल्या आणि लाइट लावली, तर खिचडी बदलली, थोडी वेगळी खिचडी आली. बोटानं चौथी रोम दाबली तर परत वेगळी. सॉकेट. आतली एक पाकळी सैल पडून वाकली होती. दाबल्यावर चित्र बदलतं म्हणजे जोड सैल, एवढं कळायला मला अडीच महिने लागले होते.

डाख काढताना

सॉकेट बदलायचं म्हणजे २४ पाय सोडवायचे आणि जुन्या बोर्डाच्या पट्ट्या लगेच उचलल्या जातात. म्हणून जुना भाग वाचवायचा प्रयत्न करू नका, बोर्ड वाचवा. सॉकेट असेल तर प्लास्टिक फोडून काढा, चिप असेल तर बारीक कटरनं सगळे पाय अंगाजवळ कापा. मग एकेक पाय आयर्ननं गरम करून चिमट्यानं ओढा. उरलेलं भोक साफ करताना आधी थोडा ताजा डाख घाला आणि मग पंपानं ओढा. ऐकायला उलटं वाटतं, पण जुना सुकलेला डाख एकटा वितळत नाही, ताज्याबरोबर वितळतो. ग्राउंडला जोडलेला पाय सगळ्यात हट्टी, त्याच्यामागं मोठी तांब्याची पट्टी असते आणि ती उष्णता ओढून घेते, तिथं घाई केली की पट्टी उखडते. माझी एक उखडली, बारीक वायरीनं जोडली, चालते.

रॅम आणि बाकीच्या चिपा

सॉकेट बदलल्यावर राखणदार गप्प झाला आणि गेम सुरू झाला. पण भिंतींच्या जागी आकडे, आकड्यांच्या जागी भुतांचे तुकडे. प्रोग्रॅम बरोबर चाललाय, आवाज येतोय, कॉइन घेतोय, आणि फक्त चित्र चुकीचं म्हणजे व्हिडिओची रॅम किंवा ग्राफिक्सची रोम. चुकीचं चित्र जागच्या जागी स्थिर असेल आणि प्रत्येक वेळी एकसारखंच येत असेल तर आधी ग्राफिक्सची रोम बघा, चित्रातले आकडे-अक्षरं बदलत राहत असतील, लुकलुकत असतील तर रॅम. हा काही कायदा नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

जुन्या बोर्डावर २११४ नावाच्या १८ पायांच्या रॅम असतात, जोडीनं, प्रत्येकीत एका बाइटचा अर्धा भाग. हात लावून बघा, शेजारणीपेक्षा एकच जास्त तापलेली असेल तर तिच्यावर संशय. मग पाठीवर बसवायची युक्ती: चांगली २११४ घ्या, लाइट बंद करा, संशयितेच्या पाठीवर पायाला पाय लावून घट्ट बसवा, लाइट लावा. चित्र सुधारलं तर ती गेलीय. सुधारलं नाही तर मात्र ती चांगली आहे असं समजू नका, कारण खराब चिप जर लाइन खाली ओढून धरत असेल तर वरची चांगली चिप पण काही करू शकत नाही. म्हणून होकार आला तर धरायचा, नकार आला तर सोडायचा. ७४एलएस मालिकेच्या चिपांना पण ही युक्ती चालते, अट तीच.

त्या मालिकेच्या चिपा तपासणं म्हणजे गणित आहे. प्रोबनं इनपुट बघा, आउटपुट बघा, कागदावर लिहा, डेटाशीटमधल्या तक्त्याशी जुळतंय का बघा. इनपुट धडधडतायत आणि आउटपुटवर प्रोबचा एकही दिवा नाही, ना हाय ना लो, तर चिप आतून तुटलीय, जास्त विचार करू नका, बदला. फक्त २४५ आणि ३७३ सारख्या चिपांना आउटपुट सोडून द्यायचा पाय असतो, तो चालू नसेल तर आउटपुट गप्प असणं बरोबरच आहे, त्यामुळं आधी तो पाय बघा. जॉयस्टिकची एक दिशा किंवा एखादं बटन चालत नसेल तर कनेक्टरपासून त्या इनपुटच्या बफरपर्यंत बीप लावत जा, मधे रेझिस्टरांची काळी पट्टी असते तिचा एखादा पाय तुटलेला असतो. आणि कुणीतरी कनेक्टर उलटा लावला असेल तर बफरच गेला असणार, बारा व्होल्टची गोष्ट वर सांगितलीच आहे.

माझी रॅम तिसरी निघाली, डावीकडून. बदलली. भिंती आल्या, भुतं आली.

दोन तास तसाच ठेवा

चालला म्हणून लगेच मशीनमध्ये कोंबू नका. टेबलावर चालू ठेवून दोन तास सोडा, अर्ध्या तासानं पाच व्होल्ट परत मोजा, चिपा तापल्या की सैल जोड उघडे पडतात. बायकोचा हेअर ड्रायर लांबून फिरवला की दोन तासांचं काम दहा मिनिटांत पण होतं, पण विचारून घ्या. आमच्याकडं दुपारी मधेच लाइट जाते आणि येते, तर त्याचाही उपयोग करून घेतला: गेली, आली, प्रत्येक वेळी गेम स्वतःहून पहिल्यापासून सुरू होतोय का बघत बसलो. तीनदा झाला, चौथ्यांदा खिचडी. परत सीपीयूवर मीटर लावला, ४.७. कनेक्टरवरचा माझाच पाच व्होल्टचा एक डाख कच्चा राहिला होता.